साळवेंचा वरचा सा

दुपारी माझ्या घरातून जो आवाज येतो त्याबद्दल खालच्या मजल्यावरच्या दामलेकाकूंनी सोसायटीकडे दोनदा लेखी तक्रार केली आहे. पहिल्या तक्रारीत "मिक्सर बिघडला असल्यास दुरुस्त करून घ्यावा" असं होतं. दुसऱ्या तक्रारीत मिक्सरचा उल्लेख नव्हता. घरात कोणता प्राणी पाळला आहे याचा खुलासा व्हावा, एवढीच मागणी होती. सेक्रेटरी कागद घेऊन वर आले, चहा प्यायले, टेबलावरचं वायरींचं जंजाळ बघितलं आणि "सावंत यांचा छंद" असा शेरा मारून गेले. छंद हा शब्द मला लागला. छंदात चूक झाली तर कोणाचं काही बिघडत नाही. माझ्या चुकीनं एका माणसाचं गाणं बंद पडलं होतं, आणि त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

ठाण्यातल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं कॅलिब्रेशनच्या खोलीत काढली. नातेवाइकांना हे काम कधीच कळलं नाही, म्हणून सोपं करून सांगतो. कारखान्यात दिवसभर सगळे काही ना काही मोजत असतात. जाडी, दाब, तापमान, वीज. ती मोजणारी साधनं बरोबर मोजतायत का, हे मोजणं आमचं काम. आमच्या खोलीत एक प्रमाण साधन असायचं, त्याच्याशी बाकीची ताडून बघायची. जुळलं तर तारीख घालून स्टिकर लावायचं, नाही जुळलं तर लाल खूण. साधनं आमच्याकडे यायची, आम्ही साधनांकडे जायचो नाही. मॅनेजरच्या केबिनखेरीज एसी फक्त आमच्या खोलीत होता, त्यामुळे आम्ही काहीच करत नाही असा बाहेर समज होता. तो आम्ही कधी खोडून काढला नाही.

निवृत्तीच्या वेळी खात्यातले लोक मनगटी घड्याळ देणार होते. मी सांगितलं, घड्याळ नको, डिजिटल व्होल्टमीटर द्या, आणि तोही साडेचार आकड्यांचा. बायको म्हणाली, लोकांनी प्रेमानं विचारलं तर तुम्ही स्पेसिफिकेशन दिलंत. पण मीटर आला. डोंबिवलीला कोपरच्या घरी तो आजही टेबलावर उजव्या हाताला असतो.

वाद्यांशी माझा संबंध कल्याणच्या देशपांडे सरांमुळे आला. सर एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात, माझ्या मेहुण्याच्या ओळखीचे. ते बिस्किटांच्या डब्यात सुटे भाग घालून घेऊन आले आणि म्हणाले, हा सिंथेसायझर आहे, मी स्वतः जोडलाय, पण सुरात येत नाही. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे तुकड्यातुकड्यांनी जोडायचं वाद्य. एक तुकडा नुसता सूर काढतो, दुसरा त्याची धार कमी करतो, तिसरा तो कधी सुरू करायचा नि कधी मिटवायचा ते ठरवतो. सगळे वायरींनी एकमेकांना जोडायचे. आणि कोणता सूर काढायचा, ते व्होल्टनं सांगायचं. एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर जातो. एवढं ऐकलं आणि मी खुर्ची पुढे ओढली.

एका व्होल्टचे बारा सारखे भाग केले की पेटीच्या एका सप्तकातल्या बारा पट्ट्या मिळतात. म्हणजे एका पट्टीला त्र्याऐंशी मिलिव्होल्ट आणि वर थोडं. मिलिव्होल्ट म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. भिंतीवरच्या घड्याळात दीड व्होल्टचा सेल असतो. तो या वाद्याला लावला तर सूर दीड सप्तक उडी मारेल. चांगल्या कानाला पाच-सहा मिलिव्होल्टचा फरकही खटकतो. बाजारातला साधा मीटर दोन व्होल्टच्या वर गेला की दहा मिलिव्होल्टच्या खालचं दाखवतच नाही. म्हणून साडेचार आकडे लागतात. देशपांडे सरांचं वाद्य मी दोन दुपारींत सुरात आणलं. त्यांनी ते वाजवून दाखवलं. सुरात होतं, पण गाणं कोणतं ते कळलं नाही.

सरांनी आणखी दोघांना सांगितलं, त्यांनी आणखी कोणाला, आणि मला गिऱ्हाइकं मिळू लागली. आपल्याकडे असल्या वाद्यांच्या नादी लागलेले लोक आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं. टेंभी नाक्याजवळ राहणारा एक कीबोर्डवाला नवरात्रात नऊ दिवस बुक असतो. तो सांगत आला की रियाजाला सूर बरोबर लागतो आणि स्टेजवर सगळंच उतरतं. त्याच्या मते हे गर्दीच्या उष्णतेनं होत होतं. मी विचारलं, स्टेजवर वेगळं काय करता. तर म्हणे काही नाही, फक्त एकाच वायरीवरून तीन तुकड्यांना सूर देतो, आवाज भरदार होतो. आमच्या सोसायटीत सकाळी एकाच वेळी तिघांनी नळ सोडला की वरच्या मजल्याची धार बारीक होते, तेच हे. मी मीटर लावला, एकेक वायर जोडत गेलो, आणि आकडा खाली खाली येताना त्याला दाखवला. दहा मिनिटांत निदान झालं. तो म्हणाला, काका, तुम्ही डॉक्टर आहात. मी नको नको म्हटलं, पण संध्याकाळी बायकोला सांगितलं.

अशानं माणसाला मीटरचा गर्व होतो. लोक कानानं सांगत, मी आकड्यानं सांगत असे, आणि दर वेळी आकडा बरोबर निघे.

मग साळवे आले. म्हणजे आधी त्यांची मुलगी प्रज्ञा आली. ती ठाण्याला बँकेत आहे, तिथंच कोपरीला आईवडिलांबरोबर राहते आणि सुट्टीच्या दिवशी असली वाद्यं वाजवते. साळवे पाणीखात्यातून निवृत्त झालेले. पण कोपरीत त्यांना ओळखतात ते गायन पार्टीतले साळवे म्हणून. पन्नास वर्षं त्यांनी जयंतीच्या कार्यक्रमांत भीमगीतं गायली, निम्मी स्वतः रचलेली. बाकीचे गाणारे त्यांच्याकडून सा घेत. प्रज्ञाच्या मनात होतं की येत्या एप्रिलच्या जयंतीला बाबांनी आपली जुनी गाणी गावीत आणि साथीला तिची वाद्यं असावीत. बाबांची अट एकच: मी स्वतः वाजवीन, आणि पेटीच्या पट्ट्यांवरच वाजवीन, बटणं मला जमणार नाहीत.

त्यांची एक पेटी भाता फाटून पडली होती. तिच्या पंचवीस पट्ट्या काढून मी एक खोकं बनवलं. प्रत्येक पट्टीखाली एक स्विच आणि एक बारीक स्क्रू. स्क्रू फिरवला की त्या पट्टीचे व्होल्ट ठरतात. खर्जातला सा शून्य व्होल्ट, मधला सा एक, वरचा सा दोन. पंचवीस स्क्रू मी मीटरवर बघून लावले. तपासणीसाठी मी घरी एक वाद्य जोडून ठेवलं आहे, त्याला लावून पाहिलं, उत्तम. प्रज्ञाकडे सूर काढणारा तुकडा परदेशी होता, स्वतःच स्वतःला जुळवणारा, त्याला फिरवायला स्क्रूच नाही. खोकं कोपरीला गेलं. तेव्हाही मी घरीच होतो.

महिन्याभरानं बापलेक दोघं खोकं घेऊन परत आले. साळवे शांत माणूस. पाणी प्यायले आणि म्हणाले, "खाली ठीक आहे. वर जाताना सूर उतरतो, बसतो. वरचा सा तर पार बसलाय." प्रज्ञा म्हणाली, "काका, मला नाही कळत फरक. पण बाबा चार दिवस तेच म्हणतायत."

मी खोकं उघडलं, मीटर लावला. मधला सा, १.०००. वरचा सा, २.०००. माझ्या वाद्याला जोडलं, दर सप्तकाला कंपनं बरोबर दुप्पट. साळवेंना मीटर दाखवला. त्यांनी बराच वेळ आकडे बघितले आणि एकच प्रश्न विचारला, "तुमचा मीटर कोण तपासतो?"

असा प्रश्न मला एकतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता, आणि मला तो आवडला. दर वर्षी मी मीटर ठाण्याच्या एका लॅबमध्ये नेऊन तपासून आणतो. मी सर्टिफिकेट दाखवलं. मीटरच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात चिकटवलेलं स्टिकर दाखवलं. काम करताना स्टिकर डोळ्यांसमोर हवं, हा आमच्या खोलीचा नियम होता. साळवेंनी मान हलवली.

मग मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते विसरायची मला परवानगी नाही. मी म्हणालो, "साळवे, खोकं बरोबर आहे, त्याचा पुरावा समोर आहे. प्रज्ञाच्या तुकड्याला कंपनीचा कागद आहे. राहिला कान. या वयात वरचे आवाज सगळ्यांचेच कमी होतात. एकदा दाखवून घ्या." मी हे सौम्यपणे बोललो. सौम्यपणे बोललेलं माणूस जास्त मनावर घेतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यांनी कान दाखवून घेतले. डॉक्टरांनी "वयोमानानुसार" असा शेरा दिला, अडुसष्टाव्या वर्षी दुसरा कुठला देणार? एप्रिलात कार्यक्रम झाला. प्रज्ञाचा फोन आला की छान झाला, मशीन मस्त वाजलं. गायलं कोण, मी विचारलं. पार्टीतला एक तरुण गायला. बाबा पहिल्या रांगेत बसलेले. ते म्हणाले, कान गेल्यावर माइक सोडलेला बरा. गाण्यांच्या वह्यासुद्धा त्या मुलाला देऊन टाकल्यात.

मला वाईट वाटलं. पण त्याखाली थोडं बरंही वाटलं, आपलं निदान बरोबर निघाल्याचं. हे कबूल करायला आज लाज वाटते.

पुढे जुलैतल्या एका शुक्रवारी आमच्याकडे मेंटेनन्ससाठी लाइट गेली. टेबलावरची वाद्यं मी घरच्या इन्व्हर्टरवर घेतलेली आहेत, ती चालू राहिली. मीटर मात्र बंद पडला. कारण मीटर एलिमिनेटरवर होता आणि एलिमिनेटरचा प्लग इन्व्हर्टरवर नव्हता. एलिमिनेटर म्हणजे सेलऐवजी भिंतीतल्या विजेवर चालवायची डबी. दिवसाचे आठ तास मीटर चालू राहिला की नऊ व्होल्टचा सेल पंधरा दिवसांत संपतो, म्हणून चार वर्षांपूर्वी ती डबी मीच बनवली होती. काम अर्धवट होतं. मी ड्रॉवरमधला नवा सेल काढून मीटरला घातला. मघाशी १.००० दाखवत होता तो आता ०.९९४ दाखवू लागला.

मी म्हटलं, इन्व्हर्टरवर वाद्याचे व्होल्ट पडले असतील. चहा घेतला. लाइट आली. पुन्हा बघितलं, ०.९९४. सेल काढून एलिमिनेटर लावला, १.०००. सेल, ०.९९४. असं मी किती वेळा केलं ते मोजलं नाही.

मीटरला वीज कमी पडली की तो बंद पडत नाही, जास्त दाखवू लागतो. हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे. डबीतला कपॅसिटर सुकला होता, तिची वीज हळूहळू उतरत गेली होती. लॅबमध्ये मीटर नेताना डबी घरी राहायची आणि मी नवा सेल घालून न्यायचो, त्यामुळे तिथं तो दर वर्षी पास व्हायचा. घरात सगळं त्याच एका मीटरवर लावलेलं, त्यामुळे घरात सगळं एकमेकांशी जुळायचं. वीज कमी पडली की मीटरच्या काचेवर बॅटरीचं छोटं चित्र येतं, ते का दिसलं नाही म्हणून मी कोपऱ्यातलं स्टिकर नखानं खरवडलं. चित्र खाली होतं.

म्हणजे मी १.००० समजून लावलेलं सगळं हजारात सहा कमी. वरच्या सा ला बारा मिलिव्होल्ट. साळवेंनी कानानं पकडलेला वरचा सा खरोखरच बसलेला होता.

कारखान्यात प्रमाण साधनच खोटं निघालं तर एक पत्र काढावं लागे. अमुक काळात आमच्याकडून तपासून गेलेलं सगळं संशयित धरावं, आणून द्यावं, कळावे. नोकरीत मी अशी तीन पत्रं काढली, तिन्ही वेळा साधन दुसऱ्या कोणी तरी पाडलं होतं. चौथं पत्र मी घरी बसून काढलं. डबी बनवल्यापासून माझ्या हातून गेलेली अकरा कामं होती. नऊ जणांनी बरं म्हटलं. देशपांडे सरांनी कळवलं की त्यांना तो उतरलेला सूर आवडू लागला आहे, ते काही परत देणार नाहीत. अकरावं पत्र मी लिहून खिशात घातलं आणि मीटर, दोन नवे सेल आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन कोपरीला निघालो. तपासायला जायची माझी ही पहिलीच वेळ.

प्रज्ञानं दार उघडलं. साळवे पेपर वाचत होते. मी बसलो आणि चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं. सेल, डबी, स्टिकर. "चूक माझी होती," मी म्हणालो. "तुमचा कान बरोबर होता. मी तुमच्या मुलीसमोर तुम्हाला खोटं पाडलं. मला माफ करा."

त्यांनी पेपराची घडी घातली. "किती फरक होता?"

"वरच्या सा ला बारा मिलिव्होल्ट. एका पट्टीचा सातवा भाग."

"एवढाच?" ते म्हणाले. मग पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "तुमच्याकडून घरी आलेलो ना, तर चांगली पेटी काढून लावली. ती पण बसलेली वाटली. टीव्हीतलं गाणं पण. मग मी ऐकायचंच सोडलं. कशाला उगाच सगळ्यांना चुकीचं ठरवायचं."

मी खोकं उघडून कामाला लागलो. नव्या सेलवर पंचवीस स्क्रू लावायला दीड तास लागला. शेवटी प्रज्ञाच्या वाद्याला जोडून वरचा सा दाबला आणि साळवेंकडे बघितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि मीटरकडे मान वळवली.

"किती दाखवतोय?"

"दोन. बरोबर दोन."

"मग बरोबर असेल," ते म्हणाले.

ज्यांच्याकडून पन्नास वर्षं सगळ्यांनी सा घेतला, ते साळवे मला आकडा विचारत होते. खोकं दुरुस्त झालं होतं आणि मी बिघडवलेली वस्तू तशीच होती.

मला एकच काम येतं. मी मीटरचं तोंड माझ्याकडे फिरवलं, प्रज्ञाकडून एक रेघांचा कागद मागितला आणि त्यावर रकाने आखले. साळवेंना सांगितलं की मी वरच्या सा चा स्क्रू मनाला येईल तसा फिरवणार, आधी मधला सा दाबणार, मग वरचा. तुम्ही फक्त सांगायचं: चढा, बसलेला की बरोबर. ते म्हणाले, तुम्हीच सांगा ना. मी म्हटलं, "साधनानं दाखवायचं आणि तपासणाऱ्यानं लिहायचं. उलट चालत नाही."

पहिल्या तिन्ही वेळा ते म्हणाले, सांगता येत नाही. मी तसं लिहिलं. चौथ्यांदा म्हणाले, बसलाय. मीटरवर १.९९० होते. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. एकतीस वर्षांची सवय आहे. पाचव्यांदा चढा, २.००८. सहाव्यांदा बरोबर, २.०००. सातव्यांदा त्यांनी मधला सा पुन्हा मागितला, आठव्यांदा पट्टी दाबायचं काम स्वतःकडे घेतलं आणि नवव्यांदा प्रज्ञाला पंखा बंद करायला सांगितलं. मी वीस वेळा घेतलं. पाच मिलिव्होल्टच्या आतलं त्यांना कळलं नाही. पाचच्या वरचं, ते पहिले तीन सोडले, तर एकही चुकलं नाही. मला स्वतःला मीटरशिवाय पन्नासच्या आतलं कळत नाही.

मग मी कारखान्यातल्यासारखं सर्टिफिकेट लिहिलं. साधनाचं नाव: कान, दोन नग. वापरणार: श्री. साळवे, कोपरी. निष्कर्ष: पाच मिलिव्होल्टपर्यंत ग्राह्य. खाली सही केली. प्रज्ञा स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

साळवेंनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "पुढची तपासणी, हे रिकामं का सोडलंत?"

मी म्हटलं, ती तारीख वापरणाऱ्याला विचारून टाकतात.

त्यांनी थोडा विचार केला. "मार्च टाका," ते म्हणाले. "एप्रिलात गायचंय."